आज कोण आलं नाही?

हास्यक्लब, योगवर्ग आणि चालण्याचे गट विनामोबदला चालवणाऱ्या महाराष्ट्रातल्या सर्व केंद्रप्रमुखांस,



तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुमची वेळ मला ठाऊक आहे. सकाळी सहाला उद्यानाचं फाटक उघडलं की सतरंज्या, स्पीकर आणि हजेरीची वही घेऊन तुम्ही आत शिरता. पावसाळ्यात एखाद्या देवळाच्या सभामंडपात नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गट हलवता. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला चक्कर येते, कुणाच्या घरी लग्न आहे, हे सगळं तुम्हाला माहीत असतं. यातल्या कशाचाही एक रुपया तुम्ही घेत नाही. वर्तमानपत्रात तुमच्याविषयी छापून येतं ते मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, जागतिक हास्यदिनाला, आणि तेही छायाचित्रापुरतं.

मी हे पत्र एका शुभार्थीची बहीण म्हणून लिहिते आहे. मानसिक आजारांसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आमच्या घरातही तेच शब्द रुळले आहेत. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं स्किझोफ्रेनियासोबत जगतो आहे. तुमच्यासारख्याच एका केंद्रप्रमुख बाईंमुळे तो आज रोज घराबाहेर पडतो. त्यामुळे या पत्रात आभार आहेतच, पण मागणी जास्त आहे. जिथे आशा असते तिथेच माणूस मागायला जातो.

१३ मार्च १९९५ या दिवशी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या उद्यानात पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला, हे तुम्हाला पाठ असेल. सुरुवातीला एकेक जण विनोद सांगायचा आणि बाकीचे हसायचे. थोड्याच दिवसांत बरे विनोद संपले. मग विनोदाशिवायच, व्यायाम म्हणून हसायचं असं ठरलं, आणि त्यातून आजचं ‘हो हो, हा हा हा’ आलं, सिंहहास्य आलं, लस्सीहास्य आलं. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की विनोद संपले तरी माणसं घरी बसली नाहीत. ती येत राहिली, कारण सकाळी आपली वाट बघणारं कुणीतरी आहे हे त्यांना कळलं होतं.

तुमचं खरं काम तिथे आहे. हात वर कसे घ्यायचे, श्वास कधी सोडायचा हे आता कुठल्याही मोबाईलवर दिसतं. पण आज कोण आलं नाही, हे मोबाईल सांगत नाही. ते तुम्हीच सांगू शकता, आणि मनाच्या आजारात जीव वाचवणारी माहिती बहुतेक वेळा तीच असते.

व्यायामाने मनाला बरं वाटतं हे आपले आजी-आजोबाही सांगत. आता त्याला मोजमापाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले होते. एकाला सर्ट्रालीन हे औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा गटाने व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले दिसले. औषधाच्या गटाला आराम लवकर पडला होता, एवढाच फरक. नॉर्वेत सुमारे ३४ हजार लोकांकडे ११ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१८ साली आला. सगळ्यांनी आठवड्याला निदान एक तास व्यायाम केला असता तर नैराश्याची १२ टक्के प्रकरणं टळली असती, असा त्याचा निष्कर्ष होता. घाम किती गाळला याने फारसा फरक पडत नव्हता. आठवड्याला एक तास! म्हणजे तुमच्या वर्गातले दोनच दिवस. जो माणूस आठवड्यातून दोनदाच येतो त्याला ‘नियमित या, नाहीतर उपयोग नाही’ असं ऐकवू नका, एवढं तरी या आकड्यावरून आपण ठरवू शकतो.

तुमच्या गटाकडे एकदा त्रयस्थ नजरेने बघा. येतात कोण? निवृत्त, हसतमुख, बोलकी, सकाळी लवकर जाग येणारी माणसं. त्यांनी यावंच, एकटेपण त्यांनाही आहे आणि त्यांचं दुःखही लहान नाही. पण ज्याला तुमची सर्वांत जास्त गरज आहे तो सकाळी सहाला येऊच शकत नाही. माझ्या भावाच्या गोळ्या रात्री नऊला असतात. त्यांची गुंगी सकाळी नऊ-दहापर्यंत उतरत नाही. तीव्र नैराश्यात तर अनेकांची सकाळ दिवसातली सर्वांत जड वेळ असते. दुपार कलली की मन थोडं हलकं होतं. अशा माणसाला पहाटे उठवून बागेत नेणं म्हणजे त्याच्या सर्वांत वाईट घटकेला त्याची परीक्षा घेणं. तो नापास होतो, आणि घरचे म्हणतात, ‘याला काही करायचंच नाही.’

म्हणून माझी पहिली मागणी वेळेची आहे. आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळी पाचला, एक छोटा गट सुरू करा. पुण्यातली महापालिकेची बहुतेक उद्यानं दुपारी बंद असतात आणि चारनंतर पुन्हा उघडतात. पाचला मुलांची गर्दी होण्याआधी एक कोपरा मिळू शकतो. ज्या बायकांना सकाळी डबे, पाणी आणि शाळेची रिक्षा यांतून डोकं वर काढता येत नाही, त्यांनाही ती वेळ सोयीची पडेल.

भावाला आम्ही पहिल्यांदा ज्या गटात नेलं त्याचं नाव सांगणार नाही. तिथल्या प्रमुखांनी त्याला वर्तुळाच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, ‘लाज सोडा, मोठ्याने हसा, चेहरा असा का केलाय?’ सगळे टाळ्या वाजवू लागले. त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण स्किझोफ्रेनियात चेहऱ्यावरचे भाव मंदावतात, हे आजाराचंच एक लक्षण आहे. औषधांनीही चेहरा ताठ होऊ शकतो. शिवाय चाळीस माणसं आपल्याकडे बघून हसताहेत, हे दृश्य संशयाच्या आजारात काय करतं हे सांगायला नको. तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

पुढे बऱ्याच काळाने तो ज्या गटात गेला तिथल्या बाई एका शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी त्याला काहीच करायला लावलं नाही. बाकावर बस म्हणाल्या. वर्ग संपल्यावर सतरंजीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी मिळून ती घडी केली. चार-सहा वेळा एवढंच झालं. मग एके दिवशी त्यांनी हजेरीची वही त्याच्याकडे दिली: ‘तू बसतोसच आहेस, तर नावांपुढे खुणा कर.’ दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची वही, आत पट्टीने आखलेले रकाने. त्यात तो इतका रमला की आठवड्याभरात त्याला सगळ्यांची नावं पाठ झाली. कुणाशी न बोलणारा माणूस एकदा मला घरी आल्यावर म्हणाला, ‘साठे काका तीन दिवस आले नाहीत.’ (नाव बदललं आहे.) बाईंनी फोन केला तेव्हा कळलं, काका घरात पडले होते आणि मुलाला काळजी नको म्हणून कुणाला बोलले नव्हते.

भाऊ हसला कधी, असं तुम्ही विचाराल. मला नक्की सांगता येणार नाही. हात वर करून श्वास घ्यायला तो हळूहळू लागला, मग सगळ्यांसोबत दोन फेऱ्या चालू लागला. मधे एकदा आजाराने उचल खाल्ल्यावर तो यायचा बंद झाला. बाईंचा फोन आला. ‘का आला नाहीस’ असं त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, ‘वही माझ्याकडे ठेवलीय, तू आलास की लिहू.’ तो परत गेला. तुमच्यातल्या प्रत्येकाने हे एक वाक्य लक्षात ठेवावं अशी माझी इच्छा आहे, कारण डॉक्टरांकडे या कामाला वेळ नसतो आणि आम्हा घरच्यांच्या तोंडून ते टोमण्यासारखं ऐकू येतं.

मागे पडणाऱ्याला सांभाळून घेण्याची एक रीत परदेशातही आहे. लंडनमध्ये २००४ साली बुशी पार्कात १३ जण धावायला जमले आणि पार्करन सुरू झालं. आज अनेक देशांत दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर धावण्याचा किंवा चालण्याचा हा विनाशुल्क उपक्रम चालतो आणि तो स्वयंसेवकच चालवतात. त्यांच्यात एक काम नेमून दिलेलं असतं: एका स्वयंसेवकाने सगळ्यांच्या मागून चालायचं. त्यामुळे भाग घेणारा कुणीही कधी शेवटचा येत नाही. २०१८ पासून ब्रिटनमधले कुटुंबवैद्य आपल्या रुग्णांना आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाही जवळच्या पार्करनला जाण्याविषयी सांगू लागले. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेच तसा करार केला. आपल्या गटात पुढे उभं राहून सूचना द्यायला उत्साही माणसं पुष्कळ असतात. मागून चालायला एकाला नेमा. कमी बोलणारा नेमा.

आता थोडं कठोर बोलते. तुमच्यातले काही जण लोकांना गोळ्या सोडायला सांगतात. ‘प्राणायाम सुरू केलास ना, आता ती विषं कशाला?’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. कृपा करून हे थांबवा. वर सांगितलेला अमेरिकेतला अभ्यास नैराश्याचा होता, स्किझोफ्रेनियाचा नव्हता. औषध अचानक तोडलं की आजार उलटतो, आणि उलटलेला आजार दर वेळी पूर्वीइतका आवरतोच असं नाही. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे. काही औषधांनी भूक, वजन, साखर वाढते हे खरं आहे. म्हणूनच तर तुम्ही हवे आहात! औषधामुळे वाढलेलं वजन चालून उतरवायला मदत करणं हे तुमचं काम. औषध चालू ठेवायचं की बदलायचं हे डॉक्टरांचं. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. लिथियम हे औषध घेणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे फार गेलं तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. मे महिन्यात कुणाला ‘अजून दोन फेऱ्या मारा’ म्हणण्याआधी पाण्याची बाटली पुढे करा, आणि हात थरथरताना किंवा तोल जाताना दिसला तर त्याला बसवून घरच्यांना फोन करा.

आणि कुणी म्हणालं की ‘आता जगावंसं वाटत नाही’, तर विषय बदलू नका. ‘असं बोलू नये’ म्हणू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि ही गोष्ट गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. गटाच्या व्हॉट्सॲपवर मात्र एक अक्षर टाकू नका. टेलिमानस ही सरकारची विनाशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही. क्रमांक १४४१६. तो तुमच्या हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि स्पीकरच्या खोक्यावर लिहून ठेवा.

‘आम्ही साधी माणसं, हे आमच्याच्याने कसं होणार?’ असं तुम्हाला वाटेल. गोव्याचं उदाहरण देते. तिथल्या संगाथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. या समुपदेशकांकडे मानसोपचाराची कुठलीही पदवी नव्हती. मन बरं होण्याची वाट न बघता आधी एखादं छोटं, आवडीचं किंवा उपयोगाचं काम हाती घ्यायचं, असा त्या भेटींचा गाभा होता. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रमही गावातल्याच स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहिला. बाईंनी माझ्या भावाच्या हातात सतरंजीचं टोक दिलं तेव्हा त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं, पण त्यांनी केलं ते हेच.

फरक एवढाच की गोव्यातल्या समुपदेशकांना आधी शिकवलं होतं आणि नंतर त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ होते. तुमच्या पाठीशी कुणी नाही. तुम्हाला शाल-श्रीफळ मिळतं, प्रशिक्षण मिळत नाही. हे तुम्ही मागायला हवं, आणि एकट्याने मागू नका. शहरातल्या सगळ्या गटांनी मिळून निवेदन द्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयातून चालतो. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांना वर्षातून दोनदा तुमच्या उद्यानात बोलवा. भाषणाला बोलवू नका, प्रश्नोत्तरांना बोलवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्या दर शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता; पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला काही आधार नाही. यातल्या अनेकांना दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटते. बागेत यायची वाटत नाही. त्यामुळे त्यातले काही आजही तुमच्या सतरंजीवर बसलेले असणार, फक्त ते तुम्हाला सांगत नसतील.

तुमच्याही थकण्याचा विचार कुणी करत नाही. बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गट दीड महिना बंद होता, कारण स्पीकरसुद्धा त्यांच्याच घरी होता. प्रत्येक गटाला दोन प्रमुख असावेत, आणि दुसरा वयाने लहान असावा. महिन्यातून एकदा आसपासच्या चार-पाच केंद्रांच्या प्रमुखांनी चहाला बसावं आणि एकमेकांना सांगावं, या महिन्यात काय जड गेलं. दुसऱ्याच्या मनाचं ऐकून घेणाऱ्याला स्वतःचं बोलायची जागा लागते. गटाच्या सहलीच्या हिशोबाइतकीच ही बैठक महत्त्वाची समजा.

तेव्हा एवढं करा. येत्या सोमवारी वहीत एक रकाना वाढवा: ‘तीन दिवस आले नाहीत’. त्या रकान्यातल्या माणसाला त्याच संध्याकाळी फोन करा, जाब न विचारता. औषधांविषयी सल्ला देणं गटात बंद असल्याचं सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगा. आणि संध्याकाळचा गट सुरू केलात, तर त्याची वेळ उद्यानाच्या फाटकावरच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहा. खाली लिहा की इथे कुणालाही काही करायची सक्ती नाही, नुसतं बसलं तरी चालेल. आमच्यासारख्या घरांतली माणसं तो फलक लांबून वाचतात आणि आत यायचं की नाही ते तिथेच ठरवतात.

आपली,
एक शुभंकर, पुणे